दीड बोट

प्रिय दादा,

नितेश सकाळी येऊन गेला. येत्या रविवारी तुझ्या नावानं गेमची स्पर्धा ठेवलीय तुझ्या मित्रांनी, आपल्या थळमध्येच, समाजमंदिरात. दहा कॉम्प्युटर भाड्यानं आणतायत. बॅनरवर तुझा तो गॉगलवाला फोटो आहे, तुला मुळीच आवडला नसता. जाता जाता दारातून वळून म्हणाला, "चिमे, त्याची ती बांबूची पट्टी हाय ना घरात? तेवडी दे गो. फोटोपुढं ठेवू."

मी म्हटलं, शोधते.

शोधायचं काय डोंबल! तीन वर्षं ती माझ्याच कपाटात आहे, कपड्यांच्या तळाशी. ती पट्टी पूर्ण नाही, हे जगात मला एकटीला माहीत आहे. आठ महिन्यांपूर्वी कावीळ तुला घेऊन गेली, तोवर तुलासुद्धा मी हे सांगितलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. ज्याला आधी सांगायचं त्याला आधी सांगते.

आठवतं, ती पट्टी कशी झाली? एका गेममध्ये माउसला नुसता धक्का लागला तरी बंदूकवाला गरकन फिरायचा, आणि दुसऱ्यात माउस टेबलाच्या कडेपर्यंत ओढला तरी ढिम्म. तू वैतागायचास. "दर गेमला नवा हात कुठनं आणू?" म्हणायचास. मग एकदा बाबा ओटीवर जाळं विणत होते. प्रत्येक आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, सारखा यावा म्हणून ते बांबूची पट्टी लावून गाठ मारतात, ती तू बघत बसलास आणि एकदम उठलास. तुझ्या आवडत्या गेममध्ये माणूस एक पूर्ण गिरकी घेऊन परत त्याच दारासमोर येईपर्यंत माउस सरकवलास, आणि तेवढ्या लांबीची पट्टी बाबांकडून कापून घेतलीस. नवा गेम आला की टेबलावर पट्टी ठेवायची, माउस या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा, आणि गिरकी बरोब्बर पुरी होईपर्यंत सेटिंगमधला आकडा कमीजास्त करायचा. की झालं! गेम कुठलाही असो, हात तोच.

बाबा हसले होते. "जाल्यात मानसं धरतोस का रं?" पण कापून दिली, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत करून. तू टोकांना काळा मार्कर लावलास.

अलिबागच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझं कानातलं कपाटाखाली गेलं. हाताशी तुझी पट्टी होती. आत घातली, अडकली, मी हिसका दिला आणि टोक मोडलं. दादा, मी घाबरले. तू कधी माझ्यावर हात उगारला नाहीस, मग मी कुणाला घाबरले? विळीवर तुटकं टोक सरळ केलं, मोरीच्या दगडावर घासलं, मार्कर लावला. मोडका तुकडा कंपासपेटीत टाकला. टाकण्याआधी बोट लावून मोजला, तर दीड बोट भरला. दीड बोटानं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. अगदी हेच शब्द.

सकाळचे सामने तू तुझ्या नेहमीच्या गेममध्ये खेळलास. त्याचा आकडा तुला पाठ होता. एकामागून एक लोळवलेस. मी मागच्या खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. फायनल नव्या गेमवर होती, जो आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचाच नाही. तू पिशवीतून पट्टी काढलीस. पुण्याच्या संघाचे लोक समोर बसले होते, तुला घ्यायचं त्यांचं जवळपास ठरलं होतं. तू पट्टी टेबलावर ठेवलीस, माउस सरकवलास, आकडा लावलास, आणि माझ्याकडे बघून मान हलवलीस.

तेव्हा मी काय केलं? मीही मान हलवली.

तुझी प्रत्येक गोळी समोरच्या खेळाडूच्या डोक्याच्या पुढून गेली. लांब नाही, जराशीच पुढे. तू थांबायचास, हात झटकायचास, पँटला तळवा पुसायचास. आखूड पट्टीवर लावलेला आकडा, हात मात्र जुन्या सवयीचा, तो पुढे जाणारच ना! मला कळत होतं. चार ढांगा टाकून तुझ्या कानात सांगायचं होतं फक्त. मी मुलांच्या गर्दीत शिरून उभी राहिले.

घरी येऊन तू म्हणालास, "माजा हात गेला गो चिमे." आणि मी म्हटलं, "जाऊ दे रे, गेमच तर होता." हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

पुढे सगळ्यांनीच तुझ्या हाताला दोष दिला. मित्र गमतीत 'कापऱ्या' म्हणू लागले, तू पण हसायचास. मनगटाला क्रेप बँडेज आलं. आई रोज संध्याकाळी खोबरेल तेलानं तुझा हात चोळायची, आणि ते तेल कोमट करून कोण द्यायचं? मी! काहीएक झालं नव्हतं त्या हाताला.

एकदा जेवताना बाबा तुला म्हणाले होते, "आस चुकला का आमी हाताला नावं नाय ठेवत. आदी पट्टी बगतो." तू म्हणालास, "बाबा, पट्टी कशी चुकंल? तुमीच कापलीय ती." मी भात वाढत होते. तुला दोनदा वाढला. तू म्हणालास, "पुरे गो, काय मारतेस का मला?" सगळे हसले.

तुझ्यावर एक राग मात्र आहे. त्या पट्टीवर एवढा का रे विश्वास? एकदा तरी जुन्या गेमवर लावून बघायची होतीस! पण तू खेळणंच सोडलंस. माउस नितेशला देऊन टाकलास, पट्टी माळ्यावर फेकलीस, आणि मासळीच्या टेम्पोवर जाऊ लागलास. मी ती उतरवून लपवली. तू पुन्हा लावून बघशील, ही भीती होती मला. बघ, किती हिशोबी भित्री होते मी.

हॉस्पिटलमध्ये, पिवळा झाला होतास तेव्हा, सुई लावलेला हात वर धरून बोटं ताठ केलीस. म्हणालास, "चिमे, बग, कापतो का गो?" नव्हता कापत. मी म्हटलं, "नाही रे." तू म्हणालास, "मंग तवाच का कापला?" आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिलास. खोलीत आपण दोघंच होतो. मी सलाईनच्या बाटलीकडे बघून म्हटलं, नर्सला बोलावते.

याहून सोपी वेळ कुणाला मिळते?

नितेश गेल्यावर मी कपाट उघडलं. कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर तो फायनलचा गेम चालतो, हे मला वर्षभर माहीत होतं. तुझ्यासारखाच माउस जोडला. पट्टीला तुकडा भिडवून ठेवला आणि माउस सरकवत गेले. गिरकी पुरी झाली तो आकडा कागदावर लिहिला. मग नुसती पट्टी ठेवून पुन्हा केलं. दोन आकडे समोर आहेत, दादा. दुसरा तू लावला होतास, पहिला तुझा होता.

बाबा आता ओटीवर बसलेत, आई मासे साफ करतेय. हे पत्र संपलं की पट्टी आणि तुकडा बाबांच्या हातात देणार आहे. त्यांना फार सांगावं लागणार नाही, बोटानं चाचपलं की कळेल. आईला सांगणं जास्त कठीण आहे. तिनं वर्षभर तेल लावलंय.

आणि तुला वचन देते. रविवारी पहिला सामना सुरू होण्याआधी दोन्ही तुकडे तुझ्या फोटोपुढं ठेवीन. तुला कापऱ्या म्हणणारा एकूण एक जण समोर असेल. माईक हातात घेऊन सांगेन, की त्या दिवशी याचा हात कापला नव्हता, पट्टी मी कापली होती. मग कुणी मला काहीही म्हणो. या वेळी मी गर्दीत शिरणार नाही.

तुझी,
चिमी