मधल्या कप्प्याचा अधिकार

मी, वय वर्षे एकाहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, देवाला नमस्कार करून, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. अक्षर वाकडे आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. आमचे हे हयात असेतो त्यांना येथून कोणी हलवू नये. त्यांच्यानंतर घर सुनेचे, तिच्या एकटीच्या नावे. मुलाने तोंड वाकडे करू नये. त्याला तिने ठेवून घ्यावे, अशी माझी शिफारस आहे.

२. बँकेतली शिल्लक व चार बांगड्या लेकीला.

३. सुनेलाच घर का, याचा खुलासा. दोन वर्षांपूर्वी ह्यांची साखर काही केल्या उतरेना. हे चोरून गोड खातात, असे मी धरून चालले. साखरेच्या डब्यात बोटाने रेघ ओढून ठेवू लागले. रेघ रोज जशीच्या तशी, तरी माझा संशय जाईना. लेक आली ती सुनेवर घसरली, "अगं, बाबांना साखरेच्या पोत्यात झोपवतेस की काय?" शब्दाने शब्द वाढला. लेकीने तिच्याशी बोलणे टाकले.

सून रडत बसली नाही. पाण्याच्या पेल्यात फ्रिजचा थर्मामीटर ठेवून तिने फ्रिजच्या प्रत्येक कप्प्याचे तापमान आठ दिवस वहीत लिहिले. दारात चौदा, मधे पाच, मागच्या भिंतीपाशी शून्याखाली. वीज वाचावी म्हणून दुपारी फ्रिज मी बंद करीत असे, आणि संध्याकाळी बटण पार शेवटच्या आकड्यावर नेत असे. ह्यांचे इन्सुलिनही मीच मागच्या भिंतीला टेकवून ठेवी. जितके थंड तितके चांगले, ही समजूत. ते दुपारी कोमट व्हायचे, संध्याकाळनंतर गोठायचे. बाटली दिसायला ठीक, आतले औषध मेलेले.

"आई, आता मधल्या कप्प्यात ठेवू. आणि बटणाला हात लावू नका," एवढेच ती म्हणाली. महिन्याभरात साखर उतरली. माझी चूक तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. बोल स्वतः सोसले, आणि मी तिला सोसू दिले. एवढा जप करून मला जो संयम साधला नाही, तो तिच्यात आहे.

४. माझ्यामागे ह्यांच्या औषधाचा व मधल्या कप्प्याचा अधिकार फक्त सुनेचा. तिथे कोणी पातेली कोंबू नयेत. गार हवा फिरली पाहिजे.

५. कलम तीन माझ्या मरणाची वाट पाहत ठेवणे बरे नव्हे. म्हणून सहीपूर्वी आज लेकीला बोलावून मोठ्याने वाचले. ती म्हणाली, "दोन वर्षं मी हिच्याशी बोलले नाही, आणि तू गप्प बसलीस, आई?" सून म्हणाली, "ताई, हात धुवा. जेवण गार होतंय."

दोघी आत जेवत आहेत. बोलण्याचा आवाज इथवर येतो. त्यांच्यात जाऊन बसण्याआधी सही करते.

सही: लिहून ठेवणारी, घरची गृहिणी
साक्षीदार: १. ह्यांचे डॉक्टर  २. फ्रिज दुरुस्त करणारे मिस्त्री
ठिकाण: राहत्या घराची बाहेरची खोली
दिनांक: १४ मार्च, रविवार