कॉफी-व्हॅनिला बिअर आणि कोल्हापूरच्या अडाणी जिभा

४ जानेवारी, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. मोठे ब्रूमास्टर, म्हणजे बिअरचे उस्ताद, नोंदी ठेवतातच. मेहुणा राजवीर वारणानगर रोडवर गार्डन रेस्टॉरंट काढतोय. स्वतःची बिअर विकायचं लायसन्सही मिळतंय. बिअर कोण करणार हा प्रश्नच नाही. कॉफी-व्हॅनिला! आपल्या गावात बिअर म्हणजे काय, तर गार आणि स्ट्राँग. चवीच्या नावानं बोंब. राजवीर म्हणाला, दाजी, आधी पिऊन बघतो, मग शब्द देतो की. जसं काही त्याला कळणार आहे.

१९ जानेवारी
पहिला घोट. कॉफी उत्तम. व्हॅनिला उत्तम. बाकी नुसतं कडू पाणी. गोडवा नाही, बॉडी नाही. माझा दोष नाही, मोडाच्या सातूचा माल्ट पुण्याहून आलाय. उपाय सोपा. गूळ! अर्धा किलो टाकला. गोडवाही येईल, दाटपणाही. पुण्याच्या लोकांना हे सात जन्मांत सुचणार नाही.

२७ जानेवारी
गूळ गायब. बिअर आणखी पातळ, आणखी कडक. संयोगिता म्हणाली, यीस्टनं खाल्ला असंल की. बायकोला यीस्ट म्हणजे मुंगळा वाटतो. गुळातच भेसळ असणार. आणखी एक किलो टाकला.

३ फेब्रुवारी
पातळच. चढते मात्र अशी, की चव बघता बघता भर दुपारी झोपलो. सामान पाठवणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराला फोन. म्हणे, साखर काय, गूळ काय, यीस्ट सगळं खाऊन दारू करतं. लॅक्टोज घाला, दुधातली साखर. ती यीस्टला खाता येत नाही, म्हणून गोडवा टिकतो, बॉडीही येते. पावडर मिळेल, पाकिटात. कोल्हापूरच्या माणसाला दुधाची पावडर विकतो! फोन आपटला.

४ फेब्रुवारी
पतसंस्थेत राजीनामा दिला. ब्रूमास्टरनं पासबुकं छापणं शोभत नाही. चेअरमन म्हणाले, थोडा इचार करा की. विचार करणं हे त्यांचं काम नव्हे, एवढंच बोललो नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ
गंगावेशीत दूधकट्ट्यावर. समोर म्हैस, धारोष्ण दूध, वर बोटभर फेस. याला म्हणतात बॉडी. गणपती गवळी धार काढता काढता म्हणाला, पावणं, हितंच ग्लासातनं प्या की, कॅन कशाला आणलाय? बिअरमध्ये घालायचंय म्हटलं. त्याचे हात थांबले. म्हैसही वळून बघायला लागली. दोघांची समज सारखीच. दोन लिटर घेतलं, घरी येऊन सगळं ओतलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बॉडी आली. गोळ्यांच्या रूपात. फडक्यातून गाळून बाटल्या भरल्या. फडक्यातल्या चोथ्याकडं बघून संयोगितानं विचारलं, ह्याचं काय कलाकंद करू व्हय? या घरात संशोधनाला किंमत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
राजवीर आला. बाटली उघडली. निम्मी बिअर छताला, उरलेली त्याच्या ग्लासात. एक घोट घेतला. म्हशीचं ताजं दूध घातलंय, मी सांगितलं. मग म्हणाला, दाजी, म्हस आजारी हुती का? गाढवाला गुळाची चव काय, मी मनात म्हटलं.
त्याचं तोंड सुधारावं म्हणून संयोगितानं उरलेली कॉफी, व्हॅनिला आणि दूध घुसळून कोल्ड कॉफी दिली. दोन ग्लास प्याला. म्हणाला, आक्का, ही मेन्यूत घेऊया, काउंटर तूच सांभाळ. बिअर तो बाहेरच्या माणसाकडून करून घेणार. माझं काय, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. बाथरूममध्ये जाऊन रडलो. कॉफीचा वास फार उग्र होता.

१० फेब्रुवारी
चेअरमनांना भेटलो. विचार केला म्हटलं. ते म्हणाले, उशीर झाला वो, जागा भरली की.

१ मार्च
रेस्टॉरंटचं उद्घाटन. कोल्ड कॉफीला रांग. लोकांना काय, गोड आणि दाट असलं की झालं. संयोगिता काउंटरवर. मला राजवीरनं मागं, मोरीपाशी घेतलंय. जबाबदारीचं काम आहे. इथं एकालाही ग्लास धड विसळता येत नाही.