डावी भिंत सरकते आहे

बोगद्याचा कॅम्प, मॉन्टेनेग्रो
४ नोव्हेंबर

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा वहीचा कागद. पुलावर रेंज मिळते, तिथे जाऊन फोटो काढते आणि शिल्पावहिनीला पाठवते. तिने छापून आणलेला हा कागद आईच्या हाती देऊ नका.

हा देश म्हणजे नुसते डोंगर. अख्खी वस्ती बेंगळूरच्या एका कोपऱ्यात मावेल. समुद्रावरच्या बंदरापासून थेट सर्बियाच्या हद्दीपर्यंत मोठा रस्ता चालला आहे, म्हणजे एक तर पूल, नाहीतर बोगदा. माझं काम आपल्या मेट्रोखाली होतं तेच. बोगद्याच्या भिंतीत छोटे आरसे ठोकलेले असतात. त्यांच्यावरून रोज सकाळी मोजायचं, की डोंगर किती आत आला. पोखरल्यावर तो थोडा येतोच, मग थांबतो.

डाव्या भिंतीचा एक भाग थांबत नाही. परवा तीन मिलिमीटर, काल पाच, आज सात. इथल्या साहेबांना, आपल्या मल्हाररावकाकांना, दाखवलं. ते म्हणाले, की शुक्रवारपर्यंत हा आकडा वर कळवू नकोस. शुक्रवारी दोन्ही बाजूंचे बोगदे एकमेकांना मिळणार, पाहुणे येणार. आता काम बंद पडलं तर त्यांचं साहेबपद काढून घेतील. त्यांनीच मला ही नोकरी दिली, दर रविवारी स्वतः पिठलं करून वाढतात. नाही कसं म्हणू? पण एका पाळीला आत एकतीस माणसं असतात. मला भीती वाटते, अण्णा. काय करू ते लिहा.

तुमची लाडकी आणि आज फार घाबरलेली,
रूपश्री

मल्लेश्वरम
५ नोव्हेंबर

चि. रूपश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर ब्लाउजचं कापड होतं, ते कापायचं तसंच राहिलं. तुझ्या आईला काही बोललो नाही. ती समजते, की तू हीटर लावून ऑफिसात बसतेस. थंडीने पोर गोरी झाली का, म्हणून विचारत होती.

मल्हारराव बावीस वर्षं आपल्याकडेच कपडे शिवून घेतात. माणूस वाईट नाही. असले किती बोगदे त्यांनी काढलेत. दोनच दिवस म्हणतात, तर स्वल्प थांब. उगाच मोठ्यांच्या विरुद्ध जाऊ नकोस. फक्त तू स्वतः आत जाऊ नकोस. पोट दुखतं म्हण, खोलीत पडून राहा. शुक्रवार उलटला की सगळं सरी होईल, ठीक होईल.

स्वेटर घालत जा. पत्र लगेच पाठव, नाहीतर दुकानात माझं लक्ष लागत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
अण्णा

कॅम्प
८ नोव्हेंबर

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलंत तसं केलं. बुधवारी पोट दुखतं म्हणाले. गुरुवारीही. दोन्ही दिवस खिडकीतून ती माणसं डबे घेऊन आत जाताना पाहिली. एकाने मला हात केला.

शुक्रवारी सकाळी राहवेना, म्हणून गेले. सोळा मिलिमीटर. भिंतीवरच्या सिमेंटला बोट जाईल एवढी भेग, आणि हेल्मेटवर टिकटिक दगडाच्या कपच्या पडत होत्या. मी कुणाला न विचारता भोंगा वाजवला. एकतीसच्या एकतीस पळत बाहेर आली.

आणि काही पडलं नाही. दिवसभर नाही, आजही नाही. पाहुणे अर्ध्या वाटेवरून परत गेले. मल्हाररावकाका सगळ्यांसमोर म्हणाले, की शिंप्याच्या पोरीला डोंगर कळायला लागला वाटतं. मला कामावरून काढलं, सोमवारचं तिकीट हातात दिलं. पण माणसं आत जायला तयार नाहीत. त्यांचा इथला म्हातारा फोरमन बोगद्याच्या तोंडाशी दगडावर बसून आहे, उठत नाही. काका म्हणतात, उद्या मी एकटा आत जाऊन दाखवतो.

माझं मोजणं चुकलेलं असू दे, अण्णा. खरंच चुकलेलं असू दे.

तुमच्या नावाने टोमणा ऐकून घेतलेली,
रूपश्री

मल्लेश्वरम
९ नोव्हेंबर

चि. रूपश्रीस अनेक आशीर्वाद.

शिंप्याची पोर म्हणाले ना? आहेसच. मापात मी कधी खोटं बोललो नाही, तूही बोलली नाहीस. खोटं बोलायला तुला शिकवलं ते मीच, बुधवारी.

तुझ्या आईला आज सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, की आत जाणाऱ्या बाकीच्या पोरांना पोट दुखतं म्हणायला कुणी सांगितलं होतं का.

आता कुणी काहीही म्हणो, त्या तोंडाजवळ जाऊ नकोस. सोमवारचं विमान गाठ. हेब्बाळच्या पुलावर गाड्या अडकतात, म्हणून आम्ही चार तास आधीच निघतो.

तू डोळ्यांनी दिसेपर्यंत जीव टांगलेला,
अण्णा

कॅम्प
१२ नोव्हेंबर

ती. अण्णांस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हा एक ओळीचा निरोप वहिनीने तुम्हाला दाखवलाच असेल. बाकीचं आज लिहिते.

रविवारी सकाळी काका एकटे आत गेले. वीस मिनिटांनी डोंगर बसला. आवाज मोठा नव्हता, पण तोंडातून इतकी धूळ आली, की समोरचा माणूस दिसेना. ते दरडीच्या पलीकडे अडकले होते. हवेचा पाइप शाबूत होता, त्यातून त्यांची हाक येत होती.

फोरमन माझ्या खोलीपाशी आला. म्हणाला, आम्ही खणतो, पण भिंतीकडे तू बघ. तू पळा म्हणालीस तरच पळू, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर आत पाऊल टाकणार नाही. तुमचं पत्र तेव्हा माझ्या फोनवर पोचलं नव्हतं. पोचलं असतं तरी गेले असते, हे खरं सांगते.

सतरा तास मी तिथे होते. दोनदा पळा म्हणून ओरडले. दुसऱ्या वेळी आम्ही काकांच्या अगदी जवळ पोचलो होतो, पाइपातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. आम्ही निघालो हे त्यांना कळलं. ते हाका मारत राहिले, रूपश्री, मला सोडून जाऊ नको गं पोरी. मी गेले. आमच्या मागे दगड आला, जिथे आठ जण उभे होते तिथेच. तासाभराने आकडा थांबला तेव्हा परत आत शिरलो.

ते वाचले. एक पाय गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी वरच्या साहेबांना आपणहून सगळं सांगितलं, मला गप्प बसवल्याचंही. मला भेटायला बोलावलं, पण अजून गेले नाही. ती हाक कानातून जात नाही. बाथरूमचं दार लावता येत नाही, बंद जागेत पाय टाकवत नाही.

आता माणसं येत्या सोमवारी पलीकडच्या तोंडातून आत जाणार आहेत. रस्ता थांबत नाही. पहाटे उठून कोण मोजणार, ते अजून कुणी ठरवलेलं नाही. मला परत घेऊ म्हणतात. मी नाही म्हणाले, बॅग भरली, आणि भरलेल्या बॅगेवरच बसून राहिले. ती माणसं पुन्हा डबे घेऊन समोरून पलीकडच्या तोंडाशी तयारीला चालली होती.

तिकीट पुढे ढकललं आहे. आई, तू विचारलंस ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून सोमवारी मोजायला मी असेन. मी शूर वगैरे नाही.

रागावलात तरी माया राहू द्या,
तुमची,
रूपश्री