कात्रीचा हात

तीर्थरूप आईस,

नमस्कार. मी ठणठणीत आहे. पोलीस आमच्या छापखान्यात एकदाच आले आणि नुसती नावं लिहून गेले, तेव्हा बाबांना उगीच काही सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या संपासाठी आमच्या गटाने पोस्टर काढलं. खाली कुठली ओळ घालायची यावर आठ जणांनी तीन दिवस एकमेकांचं डोकं खाल्लं. शेवटी ठरलं काय, तर 'आम्हीही माणसं आहोत'. ते तू भाजी निवडता निवडता सांगितलं असतंस. चित्र मात्र कुणी धड बघितलं नाही. ते माझ्याकडे होतं. लाकडी ठशावर मी तुला कोरलं, डाव्या हातात कात्री धरलेली.

ठशावरचं डावं कागदावर उजवं उमटतं, हे इथे नव्यांना मीच शिकवते. आणि मीच विसरले. पाचशे प्रती भिंतींवर लागल्या, तेव्हा कुठे लक्षात आलं.

मी म्हटलं, पुन्हा कोरते. मतं घेतली. सात विरुद्ध एक. आमचा शाईवाला म्हणाला, "अगं, ती कामगार बाई आहे, तुझी आई नाही." त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

संपातल्या बायका खूश आहेत. मला मात्र त्या भिंतींकडे बघवत नाही. डाव्या हाताने कापतेस म्हणून मुकादमाने तुला दोनदा घरी बसवलं, तरी तू हात बदलला नाहीस. तो मी बदलून ठेवला.

रागावू नकोस.

तुझी,
धाकटी