शिस्त पथक, दहावी ब

१६ जून, सोमवार. पहाटे ५.१०

आजपासून रोजनिशी. ४.३० ला उठायचं ठरलं होतं. पहिलाच दिवस म्हणून चाळीस मिनिटं सूट दिली.

संकल्प: रोज तीन किलोमीटर धावणे. चहात साखर बंद. आणि मुख्य म्हणजे शाळेला एनसीसीचं युनिट मिळवणे. युनिट आलं की अधिकारी म्हणून माझीच नेमणूक, दुसरं आहेच कोण? खाकी वर्दी, खांद्यावर एक तारा. सैन्यभरतीत जे राहिलं ते असं भरून काढायचं.

किरकोळ बाब: रविंद्र सर मे महिन्यात रिटायर झाले, त्यांचं दहावी ब चं गणित माझ्या गळ्यात आलं. अकरा वर्षं सहावी-सातवीला शिकवलंय. गणित ते गणितच. बघून घेऊ.

धावलो नाही. बुटाची लेस तुटली.

१८ जून, बुधवार

हेडमास्तर रतनसिंग सरांशी बोललो. अर्ज वर पाठवायला तयार झाले. दिवाळीच्या आत नांदेडहून एनसीसीचे सुभेदारसाहेब पाहणीला येतील, पथक बघतील, मग शिफारस. तोवर पोरं तयार करा म्हणाले, पण कोणाच्या तासाला हात लावू नका.

अजिबात लावणार नाही. गणिताचा तास माझाच आहे.

२१ जून, शनिवार

पथकाची स्थापना झाली. एकेचाळीस पोरं-पोरी. नेतृत्व, शिस्त आणि नागरिकत्व यावर मी पन्नास मिनिटं बोललो. वर्ग भारावून गेला. सद्दाम तर डोळे मिटून ऐकत होता, शेवटी शेजारच्यानं हलवून त्याला भानावर आणलं.

पथकप्रमुख करुणा. आवाज खणखणीत, एकदा सांगितलेलं विसरत नाही. निवड जाहीर केल्या केल्या तिनं विचारलं, सर, वर्गसमीकरणं कधी चालू करायची? तिला हिंगोलीला पॉलिटेक्निक करायचंय, गणितात नव्वदच्या वर पाहिजेत म्हणे. मी म्हटलं, आधी माणूस घडतो, मग मार्क. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

१ जुलै, मंगळवार

ड्रिल सुरू. हुकूम हिंदीतच द्यायचे असा माझा दंडक. दाहिने मुड म्हटलं की अर्धं पथक डावीकडे वळतं. मग पोरं समोरासमोर येतात आणि खिदळतात. पाच वेळा झालं. पाचव्या वेळेला मीही डावीकडे वळलो, पण ते त्यांची परीक्षा बघायला.

शिपाई जळबामामा घंटेखाली बसून सगळं बघतात. म्हणाले, सर, लेकरायला उन्हात काहून फिरवून राहिले? त्यांना नेतृत्व म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घंटा दिली. तास संपायला सहा मिनिटं बाकी होती.

साखर: आजच्यापुरती घेतली. घसा बसला होता.

१९ जुलै, शनिवार

सेनगावला जाऊन फारुक टेलरकडे वर्दी शिवायला टाकली. नेमणूक व्हायची आहे, पण ऐनवेळी धावपळ नको. फारुकभाईंनी कंबर मोजली, टेप पुन्हा धरला, पुन्हा मोजली. मग विचारलं, सर, वॉचमनची का बँकेतल्या गार्डची? मी तारा कुठं लागतो ते खडूनं दाखवलं. ते म्हणाले, जागा ठेवतो, तारा तुमी आणा.

येताना जीपमध्ये उभं राहून आलो. जवानाला बसायची सवय नसावी. शिवाय जागाही नव्हती.

२५ जुलै, शुक्रवार

सपनानं जेवताना विचारलं, आवो, भरतीत तुमाला कितव्या चकरीला काढलं होतं? बायकांना जुन्या गोष्टी फार. दुसऱ्या. पण ट्रॅक चुकीचा आखलेला होता, हे मी तिला लग्नातच सांगितलंय.

४ ऑगस्ट, सोमवार

घटक चाचणीचा निकाल. गणितात एकेचाळीसपैकी सहा पास. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. मी म्हटलं, सर, हे पायाभरणीचं वर्ष आहे. ते म्हणाले, हे बोर्डाचं वर्ष हाय.

करुणाला वीसपैकी सतरा. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकते म्हणाली. म्हणजे स्वावलंबन आलं. पथकाचाच परिणाम.

५ ऑगस्ट, मंगळवार

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं तेव्हा दहावीचं पुस्तक काढलं. वर्गसमीकरणे. दोन पानं व्यवस्थित गेली. तिसऱ्या पानावर पूर्ण वर्ग पद्धत. एक उदाहरण चार वेळा केलं, चार उत्तरं आली. मागे छापलेलं उत्तर पाचवंच. छपाईची चूक असणार, मंडळाला कळवायला पाहिजे.

तेवढ्यात हुमेरा मॅडम आल्या. मराठीच्या. त्यांचा निम्मा पोर्शन झालासुद्धा. काय वाचून राहिले सर, म्हणाल्या. मी पुस्तक मिटून शिट्टी उचलली. आज डबल परेड.

१७ सप्टेंबर, बुधवार. मुक्तिसंग्राम दिन

झेंडावंदनानंतर गावासमोर पथकाचं पहिलं संचलन. सरपंच, पालक, म्हाताऱ्या कोताऱ्या, सगळे हजर. पोरांकडून महिनाभर एकच गोष्ट घोकून घेतली होती: थम हा हुकूम कानावर पडेपर्यंत पाय थांबवायचा नाही, मग समोर काहीही येवो.

तेज चल म्हणालो. निघाले. काय सांगू, ऊर भरून आला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. नंबर नांदेडचा. सुभेदारसाहेब असतील म्हणून बाजूला जाऊन घेतला. एक बाई मला पर्सनल लोन देऊ करत होत्या. त्यांना माझी पार्श्वभूमी सांगेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली.

वळून बघतो तर मैदान मोकळं. पथक फाटकातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, रूपाबाईंच्या तुरीतून गावात शिरलं होतं. नंतर समजलं की ज्याचं घर आलं तो लाइनीतून गळत गेला. सद्दामचं घर गावाच्या टोकाला, तो शेवटपर्यंत एकटाच हात हलवत चालत होता म्हणे. रूपाबाई शाळेत येऊन भांडून गेल्या. तुमचं सैन्य तुमच्या अंगणात नाचवा म्हणाल्या.

हुकूम मोडला नाही एकानंही. हे कोणी बोलत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सोयाबीन काढणीला सुरुवात. पथकात हजर नऊ. त्यातल्या दोघी ताप आलाय म्हणून सावलीत. सातजणांना घेऊन परेड केली. लहान तुकडी जास्त घातक असते.

पाहणीची तारीख आली: ६ ऑक्टोबर.

वर्दी घालून बघितली. वरचं बटण लागतं, खालचं लागतं. मधल्या दोन बटणांवर काम करावं लागेल. उद्यापासून धावणे.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज नागरिकत्व. शेवटी तेही पाहणीत बघतात. अर्ज कसा करायचा ते शिकवलं. वर तारीख, मग प्रति, विषय, मुद्देसूद मजकूर, खाली सह्या. आवकला देऊन शिक्का घ्यायचा, एक प्रत आपल्याकडे ठेवायची. म्हटलं, जो गप्प बसतो तो अर्धाच नागरिक. नेता खरं बोलतो, आणि वरच्या माणसासमोर बोलतो.

करुणानं हात वर केला. सर, अर्ज कोनाबद्दलबी करता येतो? म्हटलं, कोणाबद्दलही. मोठ्या मानसाबद्दलबी? म्हटलं, बाळ, तिथंच तर धैर्य लागतं. तिनं मागं वळून बघितलं, सगळ्यांनी माना हलवल्या. वर्षभरात पहिल्यांदा वर्ग माझ्या शब्दाशब्दाला धरून होता. संध्याकाळची एसटी बंद झालीय, त्याबद्दल लिहिणार असतील.

समाधान वाटलं. साखर दोन चमचे.

६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ६.३०

जसं झालं तसं लिहितो. मागे नोंद राहावी.

सुभेदारसाहेब दहाला आले. एकेचाळीसच्या एकेचाळीस हजर. सोयाबीन तसंच सोडून आलेली पोरं. मी वर्दीत, मधली बटणं पट्ट्याखाली झाकून. दाहिने मुड म्हणालो आणि सगळं पथक उजवीकडे वळलं. पावलं एकदम पडत होती. थम म्हणालो, थांबलं. मी स्वतःच दचकलो. सुभेदारसाहेब हेडमास्तरांना म्हणाले, बहुत बढ़िया. माझे डोळे भरून आले, हे खरं आहे.

फौजेत एक रीत असते. पाहणी संपली की साहेब विचारतो, किसी को कोई तकलीफ? आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं असतं, नहीं साहब. मला माहीत होतं. पोरांना सांगायचं राहून गेलं.

सुभेदारसाहेबांनी विचारलं. करुणा तीन पावलं पुढे आली. सॅल्यूट केला, कडक. तकलीफ हाय साहेब, म्हणाली, आणि कागद दिला.

विषय: जूनपासून गणिताचा एकही तास न झाल्याबाबत. एकेचाळीस सह्या. वर आमच्याच शाळेचा आवक शिक्का, शनिवारचा. जळबामामांनी मारलेला. माझ्याबद्दल वाकडा शब्द नाही त्यात. लिहिलं होतं, सर आमच्यासाठी खूप मेहनत घेतात, आम्ही शाळा सुटल्यावर परेड करायला तयार आहोत, फक्त तासाला गणित शिकवावे ही नम्र विनंती. मुद्देसूद. मी शिकवलं तसंच.

सुभेदारसाहेबांनी कागद दोनदा वाचला. मला विचारलं, गणित आप पढ़ाते हैं? हो म्हणालो. मग हेडमास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, बच्चे तैयार हैं, युनिटची शिफारस करतो, पण अधिकारी म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव द्या. हेडमास्तरांनी हुमेरा मॅडमचं दिलं. मला परेडमधलं काहीच येत न्हाई, म्हणाल्या त्या. सुभेदारसाहेब म्हणाले, ये बच्चे सिखा देंगे.

ही फितुरी आहे. मी वर अपील करणार. जळबामामांनी मला एका शब्दानं तरी सांगायला पाहिजे होतं. विचारलं तर म्हणाले, सर, अर्ज आला की शिक्का माराचा, वाचाचा न्हाई.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अपील लिहायला बसलो. तारीख, प्रति, विषय. पुढे सुचलं नाही. हेडमास्तरांचा लेखी आदेश आला: उद्यापासून चौथ्या तासाला गणित, वर्गसमीकरणांपासून.

सपना म्हणाली, बरं झालं की, तुमी गणिताचेच मास्तर हायत ना. मी ताटावरून उठलो.

८ ऑक्टोबर, बुधवार

चौथा तास. एकेचाळीस वह्या उघड्या. कोणी खिडकीबाहेर बघत नव्हतं.

पहिलं उदाहरण केलं. दुसरं केलं. तिसरं पूर्ण वर्ग पद्धतीचं. तीन वेळा लिहून तीन वेळा पुसलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर ओरडता आलं असतं. सद्दाम खाली वहीत बघत बसला होता, माझ्याकडे बघायला नको म्हणून.

मला हे येत नाही. जूनमध्येही येत नव्हतं. म्हणून चौथा तास आला की पोरांना मैदानावर न्यायचो. चार महिने. त्यांची मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे.

करुणा उठून पुढे आली. सर, तुमी बसा, म्हणाली. मी खडू दिला आणि तिच्या जागेवर जाऊन बसलो. तिनं सावकाश, मोठ्यानं, एकेक पायरी सांगत उदाहरण सोडवलं. मग वर्गाला विचारलं, समजलं का? सगळे हो म्हणाले.

मी हात वर केला. तिनं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.