बाकडं मोडण्याविषयी

३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण आप्पा. भट्टी विझून तीन महिने झाले, तेव्हापासून त्यांनी अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणतात, दुखणं काही नाही. पण असेच पडून राहिले तर फार दिवस काढायचे नाहीत. आजोबांचा नियम तुला ठाऊक आहे, मागणी आल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. मागणी येणार कुठून? गावातल्या चुली, बाकडी, फाटकं सगळी आपल्याच भट्टीत ओतलेली, आणि नव्वद वर्षांत त्यातलं एक मोडेल तर शपथ! मी खोटी मागणी लिहून नेली. पडल्या पडल्या माझं अक्षर ओळखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मोडलं तर नवं फुकट, हा आपला शब्द आहे. लग्नात तुला दिलेलं बीडाचं, ओतीव लोखंडाचं बाकडं मोड आणि तुकडे पाठव. रडत बसू नकोस.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझा दादा

१७ मार्च

ती. दादास सा. न.

मोडत नाही. हातोड्याचा दांडा मोडला, पाठोपाठ ह्यांची कंबर धरली. चौघांनी गच्चीवर चढवून खाली लोटलं, तर अंगणातली फरशी फुटली आणि बाकडं मांजरासारखं चारी पायांवर उभं. शेजारीण लगेच त्यावर बसून भाजी निवडायला लागली.

शेवटी गल्लीत रस्त्याचं काम चाललंय, तिथल्या रोलरवाल्याला चहा पाजला आणि बाकडं रोलरपुढे ठेवलं. दादा, रोलर मोडला. पुढच्या चाकाचा ओतीव आधार दुभंगला. बाकड्याचा थोडा रंग गेलाय. मी आत जाऊन रडले. दुःखाने की अभिमानाने, ते अजून कळलं नाही.

कंत्राटदार आधाराचे तुकडे घेऊन, नवा ओतून मागायला तुझ्याकडे निघालाय. भयंकर चिडलाय. आप्पांना यातलं काही सांगू नकोस.

आमच्यावर राग नसावा, माया असावी.

तुझी ठकू

२ एप्रिल

चि. ठकूस अ. आ.

तुमचं कारस्थान कंत्राटदाराने दारातूनच ओरडून सांगितलं. मी उठलो तो तुझे कान उपटायला. पण तुकडे हातात घेतले, तर आत हवेची भोकं, नुसती चाळण! कुणा भलत्याचं ओतकाम. इतकं वाईट काम बघून पडून राहणं जमेना. मागणी लिहून घेतली, भट्टी पेटवली.

तुझा दादा कानाशी पुटपुटत होता, आधार जरा पातळच ओता, म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी मोडेल. त्याला राख उपसायला बसवलं आणि दुप्पट जाड ओतला.

कंत्राटदार हसत गेला. म्हणजे तो काही या जन्मी परत यायचा नाही. आपलं घराणंच असलं. तुझं लग्नही मी असंच पक्कं लावून दिलेलं दिसतंय. चार वर्षांत माहेरी फिरकली नाहीस.

भट्टी पुरती निवायला आठवडा लागतो. तेवढ्यात ये, म्हणजे उभा भेटेन.

तुझा आप्पा