डेस्मंडच्या गाडीचे मागचे पाटे

७ मे २०१६, शनिवार
डेस्मंडची सहासष्ट सालची गाडी अखेर आमच्या ड्राइव्हवेत. डेस्मंड म्हणजे माझ्या बायकोचा, ऑड्रीचा, थोरला भाऊ. सध्या हॉस्पिसमध्ये. डॉक्टरांनी उन्हाळा संपेपर्यंतची मुदत दिलीय. त्याची एकच इच्छा: आपल्या गाडीतून एकदा लेक ईरीला जायचं. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबलेत, चाकं तिरकी. बायको म्हणते, राजनच्या गॅरेजला टाक, दिवसात देईल. राजन मशीनवर विसंबतो. मी स्वतः शिकलोय. दोन शनिवार पुरेत. डेस्मंडला तसं वचन दिलं.

२१ मे
दोन शनिवार झाले. नियोजन पूर्ण. पाट्यांना अजून हात लावलेला नाही. आधी ड्राइव्हवेचा उतार मोजला. मीटरमागे अठरा मिलिमीटर. हे राजनला सुचलं असतं?

११ जून
पाटे काढले. एक बोल्ट तुटला. बोल्टची चूक.
डेस्मंडचा फोन. जावईबापू, गाडी कुठवर आली? म्हणून विचारत होता. त्याला चाकांच्या अलाइनमेंटचं तत्त्व समजावलं. चाळीस मिनिटांनी नर्सने फोन ठेवला.

१६ जुलै
नवे पाटे बसवले. मॅन्युअल म्हणतं, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, नाहीतर पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश पिळवटून फाटतात. मॅन्युअल भित्र्यांसाठी असतं. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असतानाच आवळलं. हात ऐसपैस फिरतो. मुलगी क्रिस्टा म्हणाली, डॅड, इट लिटरली सेज डोन्ट. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. पुस्तकी पोर.

२७ ऑगस्ट, सायं. ५.१०
दोन्ही बाजूंनी सुतळ्या ताणून चाकं जुळवली. फरक दीड मिलिमीटर. डेस्मंड आज तयार होऊन बसला होता. नाही म्हणून कळवलं. दीड मिलिमीटरवर मी माणूस नेत नाही.
ऑड्री रडत म्हणाली, अरे, बारा किलो उतरलाय तो. बरं झालं बोलली. बारा किलोंनी पाट्यांवरचा भार बदलतो. सगळं पुन्हा मोजणं आलं.

१७ सप्टेंबर
फरक शून्य!
हॉस्पिसने चार तास दिले. डेस्मंड सूटमध्ये, नाकात ऑक्सिजनची नळी. ऑड्री मागे. तिसऱ्या सिग्नलला मागून धाडकन आवाज. त्यानंतर गाडी खेकड्यासारखी चालू लागली. बुश फाटले. हल्ली रबराला दर्जा नाही. एका कॉफीशॉपच्या पार्किंगमध्ये थांबून खाली शिरलो, मोजायला घेतलं. डेस्मंड वरून म्हणाला, कॉन्रॅड, मोजू नकोस रे आता. ने मला.
दीड तास गेला. दरम्यान ऑड्रीने परस्पर राजनला बोलावलं. तो टो-ट्रक घेऊन आला, वाकला, आणि म्हणाला, दादा, लोंबकळत आवळलंत ना? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. गाडी ट्रकवर चढवली. पुढे जागा तिघांचीच: राजन, डेस्मंड, ऑड्री. ते तसेच लेक ईरीला गेले. मी बसने घरी.
म्हणजे गाडी तळ्यापर्यंत पोचली, आणि वाटेत एकदाही डावीउजवीकडे ओढली नाही. वचन पाळलं.

१ ऑक्टोबर
डेस्मंडचं दफन झालं. चर्चमध्ये फोटो ठेवला होता तो ट्रकच्या खिडकीतला. डेस्मंड तोंडभर हसतोय, मागे पाणी. गाडी फ्रेमच्या बाहेर. काढणाऱ्याला फोटोतलं काही कळत नाही.
पेटी उचलायला आम्ही सहाजण. पायऱ्यांवर माझ्या लक्षात आलं, डावी बाजू चार इंच खाली. सगळ्यांना थांबवलं. उंचीप्रमाणे जागा बदला म्हटलं, दोन मिनिटांचं काम. ऑड्री जवळ आली. इतक्या हळू आवाजात ती कधी बोलत नाही. म्हणाली, चार महिने थांबला ना तो तुझ्यासाठी? आता बाजूला हो.
झालो. राजनने माझी कडी धरली.
मी मागून चालत होतो. पेटी शेवटपर्यंत डावीकडे कललेली होती. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.